तीस फुटांपुढे

हौसेला मोल नसतं, असं आमच्याकडे म्हणतात.
हलमधल्या ओल्डरॉइडच्या दुकानात मात्र
प्रत्येक हौसेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आहे,
निळ्या शाईत, पेन्ससकट.

माझ्याकडे एकशे बारा पौंड.
शॉर्टब्रेडच्या रिकाम्या डब्यात साठवलेले,
बेकरीतल्या शनिवार-रात्रींचे.
हेरंबच्या एक्सेलमध्ये त्यांना रकाना नाही.
‘इतर’ नावाचा एक आहे,
पण तिथे बॉयलर आधीच जाऊन बसलाय.

वरच्या खणात सत्तर-तीनशे झूम. एकशे पासष्ट.
“बघायला पैसे पडत नाहीत,” म्हणत म्हाताऱ्याने ती
माझ्या कॅमेऱ्याला लावून दिली, मला दाराबाहेर उभं केलं.
समोरच्या छपरावरचा सीगल एकदम अंगणात आला,
चोचीवरचा लाल ठिपका
आमसुलाच्या सरबताच्या थेंबाएवढा.
मग बसथांब्यावरची बाई.
तिच्या कोटाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.
तिला पत्ताही नाही.
अकरा वर्षं मी ह्या गावाकडे
अशीच बघत आलेय, लांबून, चोरून,
आणि तेही लेन्सशिवाय, फुकट.
त्याचेच आता एकशे पासष्ट द्यायचे?

पंच्याऐंशीची दोनशे चाळीसला होती.
तिच्याकडे मी पाहिलंच नाही.
सराफाकडे गेल्यावर आई काही डब्यांकडे
मुद्दाम पाठ करून बसायची, तसं.

खाली एक टोपली.
बाजार उठताना उरलेल्या भाजीसारख्या
जुन्या लेन्स, कुणाचं झाकण कुणाला.
त्यात ही: पन्नासची, सगळी धातूची,
हातात घेतली तर वरवंट्यासारखी गार.
झाकणावर खिळ्याने कोरलेलं आर. टी.
अडतीस पौंड, वर अडॅप्टरचे चौदा.

उजेडासमोर धरली तर आत धुळीचे कण,
कडेला बुरशीचा एक बारीक कोळी.
मी तोंड वाकडं केलं, भाव पाडायची सवय म्हणून.
ओल्डरॉइड म्हणाला, “आतली धूळ फोटोत येत नाही, बाई.
आली असती तर आपल्यापैकी कुणाचा
एक तरी फोटो धड आला असता का?”
भाव मात्र पाडला नाही.

बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून
मी तिची कडी फिरवत राहिले.
आकडे कोरलेत: दीड फूट, दोन, तीन, पाच,
दहा, तीस.
आणि तीसनंतर एकदम आडवा आठ.
म्हणजे अनंत.
मधे काहीच नाही. चाळीस नाही, मैल नाही.
ह्या लेन्सच्या हिशोबात
हंबरचा पलीकडचा मातकट काठ,
दिवसाढवळ्या निघालेला चंद्र,
आणि मिरजेत गॅलरीत लसूण सोलणारी आई,
सगळं एकाच अंतरावर.
कडी शेवटपर्यंत फिरवली की झालं.
मला हा हिशोब फारच स्वस्त वाटला.
हेसल आलं तरी मी उतरले नाही, पुढच्या थांब्यावरून चालत आले.

घरी हेरंब जेवणाच्या टेबलाशी.
“कितीला?”
बावन्न, म्हटलं. साठ परत डब्यात.
त्याने मान हलवली, कुठला रकाना ते विचारलं नाही.
मी कॅमेरा डोळ्याला लावला.
हाताने फोकस करायचा तर वेळ लागतो,
आणि तेवढा वेळ तो हलला नाही,
हे नवीनच.
मग झाकणावरची अक्षरं वाचायला
तो पुढे वाकला, अजून पुढे,
दीड फुटाच्या आत.
तिथे हिला काही दिसत नाही. मलाही कमीच.
मी बटण दाबलं.

नाक धूसर, चष्मा धूसर,
मागचा फ्रिज तर नुसता पांढरा ढग.
कान तेवढा स्पष्ट आलाय,
पाळीवरच्या लवेसकट.
केव्हापासून आहे ती, कोण जाणे.